मवाळ, पण नेमका कसा? ऐकणाऱ्या स्वभावाची इंग्रजी विशेषणं

शब्दपालवी

रागीट, हट्टी, भांडखोर माणसासाठी इंग्रजी शब्द पटकन सुचतो. अडतं ते दुसऱ्या टोकाला. जो वाद घालत नाही, अडून बसत नाही, सांगितलेलं ऐकतो, ज्याच्याबरोबर दिवस सुखाने जातो, अशा माणसासाठी कोशात वीसपंचवीस विशेषणं एका ओळीत उभी असतात. ईझीगोइंग, लेड-बॅक, डोसाइल, ट्रॅक्टेबल, प्लायंट, अमीनेबल, कम्प्लायंट, ऑब्लायजिंग, मीक. सगळी समानार्थी म्हणून दिलेली. त्यातलं कुठलंही उचलून वाक्यात ठेवलं तरी व्याकरण बिघडत नाही, पण माणूस बदलतो. मी अनुवादाचं काम करते आणि या ओळीपाशी जितकी रेंगाळते तितकी दुसरीकडे कुठे रेंगाळत नाही.

माझं म्हणणं असं. हे शब्द ज्याच्याबद्दल वापरले जातात त्याच्यापेक्षा जो वापरतो त्याच्याबद्दल जास्त सांगतात. त्यामुळे प्रत्येक शब्दाला आधी विचारावं, की बोलणारा कुठे उभा आहे आणि त्याला या माणसाकडून काय हवंय. शांत स्वभावाच्या एकाच माणसाला त्याचा मित्र ईझीगोइंग म्हणेल, शेजारी ऑब्लायजिंग म्हणेल, त्याच्याकडून काम करून घेणारा ट्रॅक्टेबल म्हणेल आणि त्याच्यावर सत्ता गाजवणारा डोसाइल म्हणेल. माणूस तोच आहे, त्याच्याकडे बघणारे वेगळे आहेत.

याचा पुरावा शब्दांच्या शेपटीतच आहे. ज्यांच्या शेवटी ‘एबल’ आहे ते बघा: ट्रॅक्टेबल, प्लायेबल, मॅलिएबल, बिडेबल, मॅनेजेबल. यातला माणूस स्वतः काहीच करत नाही. त्याला हाताळता येतं, वाकवता येतं, ठोकून आकार देता येतो, हुकूम सोडता येतो. क्रियापद दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे. आता ऑब्लायजिंग, अकॉमोडेटिंग, यील्डिंग घ्या. इथे जे काही होतं ते तो माणूस आपण होऊन करतो. तो मदत करतो, सामावून घेतो, माघार घेतो. म्हणून कुणाला अकॉमोडेटिंग म्हटलं तर त्याचे आभार मानल्यासारखं वाटतं आणि प्लायेबल म्हटलं तर त्याच्या पाठीमागे बोलल्यासारखं.

डोसाइलची गोष्ट मला सगळ्यात चटका लावते. लॅटिनमध्ये ‘दोकेरे’ म्हणजे शिकवणं. डॉक्टर, डॉक्ट्रिन, डॉक्युमेंट हे सगळे त्याच घरातले. डोसाइल म्हणजे ज्याला शिकवता येतं तो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला तेव्हा हाच अर्थ होता, आणि ती विद्यार्थ्याची स्तुती होती. पुढे शिकण्याचा भाग गळून गेला आणि मुकाट ऐकण्याचा तेवढा उरला. आज हा शब्द गायीगुरांना, मधमाश्यांना आणि ज्यांनी आवाज करू नये असं कुणाला तरी वाटतं अशा लोकसमूहांना लावतात. शिफारसपत्रात एखाद्या विद्यार्थिनीला डोसाइल लिहिलं तर तिचं नुकसान होईल. तिथे हवा असतो टीचेबल, किंवा खेळाच्या मैदानावरून आलेला कोचेबल. डोसाइलचं जुनं काम आता हे दोघे करतात.

तुमच्या वाचनातले, कामातले असे शब्द लिहा. छटा भांडून काढू.

अश्वमेघ

धागा आवडला. तुम्ही ‘हाताळता येतं’ म्हणालात, तिथूनच पुढे जातो. या घराण्यातले कितीतरी शब्द सरळ तबेल्यातून आले आहेत. ईझीगोइंग हा शब्द सुरुवातीला घोड्याचा होता. ज्याची चाल सुखाची, ज्यावर बसलं की हिसके बसत नाहीत तो घोडा. माणसाच्या वाट्याला तो नंतर आला. मॅनेज हेही इटालियनमधून आलेलं घोडा हाताळण्याचं क्रियापद, मुळाशी लॅटिनमधला ‘मानुस’, म्हणजे हात. ट्रॅक्टेबलच्या मुळाशी ‘त्राक्तारे’ आहे, तेही हाताळणंच. मॅन्सुइट्यूड नावाचा एक दुर्मीळ शब्द आहे, सौम्यपणा या अर्थाचा. त्याची फोड केली तर हाताची सवय झालेला असा अर्थ निघतो.

अमीनेबल मात्र घोड्याचा नाही, गुरांचा आहे. फ्रेंच ‘अमने’ म्हणजे घेऊन येणं, आणि त्याच्याही मागे लॅटिनमध्ये दम देऊन जनावरं हाकणं. आज हा शब्द किती सभ्य वाटतो!

उलट बाजूचे, न ऐकणाऱ्यांचे शब्दही तिथलेच. रीकॅल्सिट्रंट म्हणजे टाचेने मागे लाथ झाडणारा, लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच. रेस्टिव्ह हा शब्द तर अर्थाने पूर्ण फिरला. मूळ अर्थ पुढे जायला नकार देऊन जागीच उभा राहणारा घोडा. आज तो अस्वस्थ, चुळबुळणाऱ्या माणसासाठी वापरतात. तरी त्यात अजून एक खूण उरली आहे. रेस्टलेस माणूस कुठल्याही कारणाने अस्वस्थ असेल, पण रेस्टिव्ह जमाव म्हटलं की कुणाच्या तरी लगामाखालचा जमाव, ज्याला तो लगाम आता नकोसा झालाय.

धातुवेध

+१. मी धातूंच्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे मॅलिएबल, डक्टाइल आणि प्लायंट एका रांगेत बघितले की मला ते वेगळे करावेसे वाटतात. कादंबरीत सगळे सरसकट ‘नरम’ म्हणून येतात.

मॅलिएबल ‘माल्लेउस’वरून, म्हणजे हातोडा. ठोकल्यावर न तुटता पसरतो तो पदार्थ. एक ग्रॅम सोनं ठोकून जवळपास एक चौरस मीटर वर्ख निघतो. डक्टाइल ‘दूकेरे’वरून, म्हणजे पुढे नेणं, ओढणं. ज्याची तार निघते तो. दोन्ही गुण सोबत असतीलच असं नाही. शिसं सहज ठोकता येतं, पण त्याची तार ओढायला गेलं तर लवकर तुटते. प्लायंट आणि प्लायेबल फ्रेंच ‘प्लिए’वरून, म्हणजे वाकवणं, घडी घालणं. पकडीला प्लायर्स म्हणतात तेही तिथूनच.

माणसाबद्दल बोलताना महत्त्वाचा फरक मला हा वाटतो, की जोर काढून घेतल्यावर काय होतं? मॅलिएबल वस्तूला नवा आकार मिळतो आणि तो राहतो. म्हणून लहान वयातल्या मनाला मॅलिएबल म्हणतात, त्यावर उमटलेलं पुसलं जात नाही. फ्लेक्सिबल वाकतो आणि परत आपल्या जागी येतो. रेझिलियंट तर जोर झेलून उसळून परत येतो. म्हणून नोकरीच्या अर्जात लोक फ्लेक्सिबल आणि रेझिलियंट लिहितात, मॅलिएबल कुणीच लिहीत नाही. स्वतःचा मूळ आकार कायम राहणार आहे हे त्यात न बोलता सांगितलेलं असतं.

रानजाई

धातुवेध, मग प्लायंट कुठे बसतो? तो परत येतो की नाही?

धातुवेध

ते त्या शब्दात ठरलेलं नाही, आणि तीच त्याची छटा आहे असं मी म्हणेन. प्लायंट पुढच्या जोराची वाट बघतो. आज याने वाकवलं तर इकडे, उद्या त्याने वाकवलं तर तिकडे. म्हणून प्लायंट प्रेस, प्लायंट पार्लमेंट असे प्रयोग इंग्रजी बातम्यांत सतत दिसतात. तिथे मॅलिएबल चालणार नाही, कारण मॅलिएबल एकदा घडला की घडला. राजकारणात ज्याला हवा तसा कधीही वाकणारा लागतो त्याला प्लायंटच हवा असतो.

वैद्यमित्र

कम्प्लायंटबद्दल लिहायला हवं, कारण आमच्या व्यवसायात या शब्दावर खरंच बराच वाद झाला. दिलेलं औषध वेळेवर घेणारा रुग्ण म्हणजे कम्प्लायंट, न घेणारा नॉन-कम्प्लायंट, अशी कित्येक वर्षं केसपेपरवर नोंद होत असे. हळूहळू लक्षात आलं की या शब्दात सगळा दोष रुग्णाच्या माथी जातो. औषध परवडत नाही, त्याने पोटात जळजळतं, घ्यायचं कसं ते कुणी नीट समजावलेलं नाही, यातलं काहीच त्या नोंदीत दिसत नाही. फक्त ‘सांगितलेलं ऐकलं नाही’ एवढं दिसतं. म्हणून ॲडहिअरन्स हा शब्द पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन उपचारांवर २००३ मध्ये जो अहवाल काढला त्यात हाच शब्द आहे, आणि उपचार रुग्णाच्या संमतीने ठरलेले असावेत ही अट त्याच्या व्याख्येतच घातलेली आहे. कम्प्लायंट रुग्ण डॉक्टरचं ऐकतो. ॲडहिअरंट रुग्ण दोघांनी मिळून ठरवलेलं पाळतो.

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं. फुप्फुसाचाही कम्प्लायन्स मोजतात. ठरावीक दाबाला फुप्फुस किती फुगतं ते माप. फायब्रोसिसमध्ये तो कमी होतो, फुप्फुस ताठर होतं. एम्फिसीमामध्ये तो प्रमाणाबाहेर वाढतो. फुप्फुस सहज फुगतं, पण परत आकसण्याची ताकद गमावून बसतं, आणि रुग्णाला श्वास नीट बाहेर टाकता येत नाही.

मनोवाट

वैद्यमित्र, तुमच्या ॲडहिअरन्सवरून मानसशास्त्रातली एक विभागणी आठवली. हर्बर्ट केल्मन यांनी १९५८ मध्ये दुसऱ्याच्या प्रभावाने वागणं बदलण्याचे तीन प्रकार सांगितले. कम्प्लायन्स म्हणजे बक्षिसासाठी किंवा शिक्षा टाळण्यासाठी वरवर मान्य करणं, आतून मत तेच. आयडेंटिफिकेशन म्हणजे ज्या व्यक्तीशी किंवा गटाशी नातं टिकवायचंय त्यांच्यासारखं वागणं. इंटर्नलायझेशन म्हणजे खरोखर पटणं. म्हणजे कम्प्लायंट हा शब्द माणसाच्या हातांबद्दल बोलतो, मनाबद्दल काहीच सांगत नाही. कम्प्लायंट माणूस आतून धुमसत असू शकतो. डोसाइल माणूस धुमसत नाही.

ओबीडियंट आणि डोसाइल यांतला फरकही इथेच सापडतो. स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला विजेच्या धक्क्यांचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. दुसऱ्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला वाढत्या जोराचा धक्का द्या, असं भाग घेणाऱ्यांना सांगितलं जाई. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. ती माणसं थंड डोक्याने बटणं दाबत नव्हती. त्यांना घाम फुटत होता, ती थरथरत होती, थांबूया का म्हणून विचारत होती, आणि तरी पुढचं बटण दाबत होती. ही माणसं शंभर टक्के ओबीडियंट होती, पण डोसाइल म्हणणं चुकीचं ठरेल. स्वभाव विरोध करत होता, वागणं ऐकत होतं. ओबीडियंट हुकूम आल्यावर कळतो. डोसाइलला बऱ्याचदा हुकमाची गरजच पडत नाही.

ओबीडियंटच्या पोटात ‘आउदिरे’ आहे, म्हणजे कानांनी ऐकणं. आपणही ‘मुलगा ऐकतो’ म्हणतो तेव्हा त्याच्या कानांबद्दल बोलत नसतो.

शब्दपालवी

मनोवाट, मिल्ग्रॅमच्या उदाहरणाने फरक अगदी स्वच्छ झाला. मग सबमिसिव्ह कुठे ठेवाल?

मनोवाट

ओबीडियंटमध्ये कृती दिली जाते, सबमिसिव्हमध्ये इच्छाच दिली जाते. त्याच्या जवळ दिसणारा, पण पूर्ण वेगळा शब्द म्हणजे डेफरेन्शिअल. डेफरेन्शिअल माणूस समोरच्याचा अनुभव, वय, पद यांचा मान राखतो, त्याला आधी बोलू देतो, आणि मतभेद असेल तर तो नम्रपणे सांगतोही. मराठीत आपण दोघांनाही ‘नम्र’ म्हणून मोकळे होतो आणि तिथे अनुवाद फसतो.

बाकी, व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या प्रसिद्ध मांडणीत एक घटक अग्रीएबलनेस आहे. कोस्टा आणि मॅक्रे यांच्या १९९२ च्या चाचणीत त्याचे सहा पैलू धरले आहेत: विश्वास, सरळपणा, परोपकार, कम्प्लायन्स, विनम्रता आणि कोमल मन. म्हणजे ऐकून घेणं हा तिथे चांगुलपणाचा सहावा हिस्साच आहे. ज्यांना ‘अग्रीएबल माणूस म्हणजे होयबा’ असं वाटतं त्यांनी बाकीचे पाच बघावेत. अत्यंत अग्रीएबल माणूस सरळपणापायी नकोसं सत्यही सांगून टाकेल.

रानजाई

एक हरकत आहे. शब्दपालवी म्हणतात, ‘एबल’ असलं की क्रियापद दुसऱ्याच्या ताब्यात. मग अ‍ॅफेबल, एमिएबल, अग्रीएबल यांचं काय? हे तर सरळसरळ कौतुकाचे शब्द आहेत.

अश्वमेघ

रानजाई, हरकत बरोबर जागी आहे, पण त्यातल्या दोघांमुळे नियम मोडत नाही. अ‍ॅफेबल म्हणजे ज्याच्याशी बोलता येतं तो. एमिएबल म्हणजे ज्याच्यावर प्रेम करता येतं तो. दोन्हींत करणारा दुसराच आहे. फरक असा की आपण त्याला वाकवत नाही, त्याच्याजवळ जातो. एमिएबलचाच जुळा भाऊ अ‍ॅमिकेबल. एकाच लॅटिन शब्दातून दोघे निघाले आणि कामं वाटून घेतली: माणूस एमिएबल, करार किंवा घटस्फोट अ‍ॅमिकेबल. अग्रीएबल मात्र खरंच अपवाद. तो दुसऱ्याला सुखावतो, किंवा दुसऱ्याशी सहमत होतो, आणि दोन्ही त्याचं तोच करतो. ‘आय ॲम अग्रीएबल’ म्हणजे माझी तयारी आहे. ‘ॲन अग्रीएबल ईव्हनिंग’ म्हणजे छान गेलेली संध्याकाळ. यात ऐकणं, झुकणं काहीच नाही.

जुनीपोथी

मला या शब्दांच्या घसरणीबद्दल लिहायचंय. सेवा करणाऱ्याच्या कौतुकाचे शब्द फार काळ वर टिकत नाहीत. ऑब्सिक्वियस आज लाळघोटेपणाचा शब्द आहे, पण पंधराव्या शतकात त्याचा अर्थ आज्ञाधारक, कर्तव्यदक्ष असा चांगला होता. मुळात ‘मागून चालणारा’. ऑफिशियस म्हणजे पूर्वी तत्परतेने मदत करणारा, आज नाक खुपसणारा. सर्व्हाइल तर गुलामाच्या शब्दावरूनच बनलेला, त्यामुळे त्याला वरची जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळ्यात विलक्षण प्रवास बक्सम आणि डेबोनेअर यांचा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लग्नविधीत वधूला जी शपथ घ्यावी लागे तिच्यात ती शय्येवर आणि जेवणाच्या पाटावर ‘बोनेअर’ आणि ‘बक्सम’ राहीन असं म्हणे. बक्सम म्हणजे वाकणारी, आज्ञेत राहणारी. वाकणं या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून तो बनला आहे, ज्याच्यातून आजचा ‘बो’ आला. बोनेअर हा डेबोनेअरचाच भाऊ, म्हणजे चांगल्या घराण्याची, म्हणून सौम्य. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ते शब्द दिसत नाहीत, तिथे वधूच्या तोंडी सरळ ‘ओबे’ आला. मग हे दोघे मोकळे झाले आणि कुठल्या कुठे गेले! बक्सम आधी आनंदी, मग धडधाकट, आणि आता भरल्या अंगाची असा झाला. डेबोनेअर रुबाबदार पुरुषाला चिकटला. आज कुणी या दोन शब्दांत आज्ञाधारकपणा शोधणार नाही.

मीकबद्दलही थोडं. हा नॉर्स भाषेतून आला, मूळ अर्थ मऊ. बायबलच्या इंग्रजी अनुवादात पृथ्वीचं वतन सौम्यांना मिळेल असं जे वचन आहे तिथे हाच शब्द आहे. मूळ ग्रीक विशेषण दुबळ्या माणसाचं नाही. त्याच घरातलं नाम ॲरिस्टॉटलने रागाच्या बाबतीतल्या मध्यममार्गासाठी वापरलंय: योग्य कारणाने, योग्य माणसावर, योग्य तेवढाच रागावणारा. ग्रीकमध्ये माणसाळलेल्या जनावरांनाही ते लावत. ताकद असून ती आवरलेली, असा भाव. आजचं इंग्रजी मीक मात्र ‘बिचारा’कडे कललंय. जुन्या मजकुरात मीक दिसला तर लगेच ‘गरीब गाय’ लिहू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शब्दपालवी

बक्सम आणि बोनेअर एकाच शपथेत होते हे वाचून मी बराच वेळ त्यावरच विचार करत राहिले. माझ्या मूळ मुद्द्याला यातून मोठा आधार मिळतो. शपथ लिहिणारा कोण होता ते बघा. वधूकडून त्याला जे हवं होतं त्याला त्याने सद्गुणाचं नाव दिलं.

डोसाइललाही हेच लागू होतं. एकोणिसाव्या शतकातल्या ऊसमळ्यांच्या कागदपत्रांत, वसाहतींच्या अहवालांत मजुरांच्या वर्णनात हा शब्द वारंवार येतो, आणि तिथे तो मालाच्या प्रतीसारखा वाचला जातो. कामगार बदलून हवे असतील तेव्हा एक समूह डोसाइल ठरतो. त्याच समूहाने मजुरी वाढवून मागितली की अहवालात तो टर्ब्युलंट, म्हणजे दंगेखोर होतो. स्वभाव कुठेच बदललेला नसतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये तुरुंग आणि शिस्तीबद्दल लिहिताना ‘डोसाइल शरीर’ ही कल्पना मांडली ती म्हणूनच इतकी नेमकी वाटते. वापरता येईल, घडवता येईल, सुधारता येईल असं शरीर. शिकवता येण्याचा जुना अर्थ तिथे परत येतो, पण भीतीदायक होऊन.

सर्वेक्षक

अ‍ॅक्विएसंट राहिला की. यात ‘क्विएट’ लपलेला आहे, शांत बसणं. अ‍ॅक्विएसंट माणूस होकार देत नाही, नकार द्यायचं टाळतो. कायद्यात याला वजन आहे. आपल्या हक्कावर कुणी अतिक्रमण करतोय हे ठाऊक असून दीर्घकाळ गप्प राहिलात तर पुढे तक्रार करायचा अधिकार गमावू शकता.

आमच्या कामात याच्यामुळे खूप त्रास होतो. प्रश्नावलीत ‘तुम्ही सहमत आहात का’ असं विचारलं की काही लोक प्रश्न कोणताही असो, हो म्हणतात. त्याला अ‍ॅक्विएसन्स बायस म्हणतात. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत काही विधानं मुद्दाम उलटी घालतात. ‘मला गर्दी आवडते’ आणि ‘मला एकांत बरा वाटतो’ या दोन्हींना एकच माणूस ठाम हो म्हणाला, तर त्याचं गर्दीबद्दलचं मत आपल्याला मिळालेलं नाही. त्याला नाही म्हणायचं नव्हतं, एवढंच कळलं.

मायमाऊली_वाचक

मला मुलांच्या संदर्भात लिहायचंय. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाळांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे ४० टक्के मुलं ‘ईझी’, १० टक्के ‘डिफिकल्ट’, १५ टक्के ‘स्लो टू वॉर्म अप’, आणि उरलेली कुठल्याच गटात नीट न बसणारी निघाली. ईझी बाळ म्हणजे झोपेची-भुकेची वेळ ठरलेली, नव्या गोष्टींना सहज सरावणारं, बहुतेक वेळ हसरं. आज्ञा पाळणं यात कुठेही नाही, तान्ह्या बाळाला कोण आज्ञा करणार! पण आईबाप ‘आमचं बाळ ईझी आहे’ म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला ते ‘त्रास देत नाही’ असंच ऐकू येतं. इथेही शब्द बघणाऱ्याच्या बाजूनेच वापरला जातो.

एक सावधगिरी. मोठ्या व्यक्तीबद्दल, विशेषतः बाईबद्दल, नुसतं ‘ईझी’ लिहू नका. तो चारित्र्यावर शिंतोडा होतो. ईझीगोइंग पूर्ण लिहा, किंवा ‘ईझी टू गेट अलाँग विथ’.

रानजाई

ईझीगोइंग, लेड-बॅक, प्लॅसिड, फ्लेग्मॅटिक या चौघांवर कुणी लिहिलं नाही अजून.

जुनीपोथी

ही चौघं ऐकणारी नाहीतच, म्हणून मागे पडली. यांना राग येत नाही, पण सांगितलेलं करतीलच असं नाही. ईझीगोइंग माणसाला दुसऱ्याच्या चुका खुपत नाहीत. लेड-बॅक माणसाला मुदत खुपत नाही, म्हणून कामाच्या ठिकाणी लेड-बॅक हे कौतुक असेलच असं नाही. प्लॅसिड म्हणजे वारा पडलेल्या तळ्यासारखा, आत काय आहे ते कळत नाही. फ्लेग्मॅटिक हा चार देहरसांच्या जुन्या सिद्धांतातून आला. कफ जास्त असलेला, थंड, संथ, पटकन न हलणारा. खरं तर फ्लेग्मॅटिक माणूस जाम हट्टी असू शकतो. तो भांडणार नाही, फक्त जागचा उठणार नाही.

सर्वेक्षक

कम्प्लेसंट आणि कम्प्लेझंट यांचा घोळही सांगून टाकतो. दोघांचा उच्चार जवळजवळ सारखा, मूळ एकच, दुसऱ्याला खूश करणं या अर्थाचं. कम्प्लेझंट अजून दुसऱ्यालाच खूश करतो. कम्प्लेसंट स्वतःवरच खूश असतो. पत्नीचे बाहेरचे संबंध माहीत असून कानाडोळा करणाऱ्या नवऱ्याला इंग्रजीत कम्प्लेझंट हजबंड म्हणतात. तिथे ‘आत्मसंतुष्ट नवरा’ असा अनुवाद झाला तर अख्खं प्रकरण कोसळेल.

नवी_पालवी

मी फार कमी लिहिते इथे, पण सगळा धागा वाचला. एक खरीखुरी अडचण आहे. एका सहकारी मैत्रिणीबद्दल इंग्रजीत शिफारस लिहायची आहे. ती सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेते, पुरावा दाखवला तर मत बदलते, कुणाच्याही अडीअडचणीला स्वतःचं वेळापत्रक हलवते. पण चुकीचं काम तिच्याकडून कुणीही करून घेऊ शकत नाही, वरिष्ठसुद्धा. ईझीगोइंग लिहिलं तर ढिली वाटते, अग्रीएबल लिहिलं तर होयबा वाटते. काय लिहू?

अश्वमेघ

अमीनेबल. पण एकटा सोडू नका. त्याच्यामागे ‘टू’ लागतो आणि त्या टूनंतर काय येतं यावर सगळं अवलंबून आहे. ‘अमीनेबल टू प्रेशर’ म्हणजे कमकुवत, ‘अमीनेबल टू रीझन’ म्हणजे विचारी. वेळापत्रक हलवण्यासाठी अकॉमोडेटिंग अगदी योग्य, कारण ते ती आपण होऊन करते.

मनोवाट

सहमत. चुकीच्या कामाला नकार देण्यासाठी वेगळं विशेषण जोडण्यापेक्षा बिडेबल नाकारून वापरा. बिडेबल म्हणजे सांगितलं की करणारा. स्कॉटलंड-आयर्लंडकडे तो मुलांसाठी आणि कुत्र्यांसाठी सर्रास चालतो, त्यामुळे नाकारला की फार स्वच्छ ऐकू येतो. ‘अकॉमोडेटिंग विथ हर टाइम, अमीनेबल टू रीझन, अँड नॉट इन द लीस्ट बिडेबल.’ मात्र पत्र वाचणारा फार घाईत असेल तर बिडेबलवर तो अडखळेल.

शब्दपालवी

वाचणारा घाईत असेलच असं धरा. मग बिडेबलच्या जागी प्रसंग लिहा. कुठलं काम करायला तिने नकार दिला, कुणापुढे दिला, आणि पुढे काय झालं. दोन ओळी पुरतील. अकॉमोडेटिंग आणि अमीनेबल टू रीझन तसेच ठेवा, त्याच क्रमाने. आधी मदतीचं, मग विचाराचं, मग नकाराचा प्रसंग. उलट क्रमाने लिहिलंत तर पहिल्याच ओळीत ती अडेलतट्टू वाटेल.

नवी_पालवी

प्रसंग आहे, आणि लिहिता येण्यासारखा आहे. मसुदा झाला की इथेच टाकते, तपासून द्या.